गुंता सुटेल तेवढाच व्हिडिओ

‘मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी शिवणक्लास चालवते. वर्षभरापासून शिलाई मशीनच्या दुरुस्तीचे आणि शिवणकामाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकते. “मशीन खालून दोऱ्याचा गुंता करते” या विषयावरचा माझा व्हिडिओ १४ मिनिटांचा आहे. लोक येतात, पण दोन मिनिटांच्या आत निघून जातात आणि खाली विचारतात, “ताई, नेमकं करायचं काय?” सगळं तर त्यात सांगितलंय! वरच्या दोऱ्याचं नवव्या मिनिटाला येतं. फोन समोर, टेबलाच्या पलीकडे ठेवते आणि मशीनवर जे कापड असेल त्यावरच दाखवते. भाचा म्हणतो, कॅमेरा चांगला घे. मैत्रीण म्हणते, आता एका मिनिटाचेच व्हिडिओ चालतात. तिसऱ्याचं म्हणणं, आठ मिनिटांच्या खाली जाऊ नका, जाहिराती मिळत नाहीत. कुणाचं ऐकू? सुरुवातीला मी काय बोलते ते सोबत लिहून पाठवते.’

– एक शिवणशिक्षिका

ताई,

सुरुवातीचं बोलणं शब्दाला शब्द उतरवून पाठवलंत, हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे, म्हणून ते आधी इथे देतो:

‘नमस्कार, कसे आहात सगळे? मजेत ना? आपल्या चॅनलवर तुमचं मनापासून स्वागत. नवीन असाल तर लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करायला विसरू नका. तर मैत्रिणींनो, आजचा विषय खूप महत्त्वाचा आहे. बऱ्याच ताईंचे मेसेज आले की मशीन खालून गुंता करते. गुंता होण्याची बरीच कारणं असतात. सुई असते, दोरा असतो, बॉबिन असते, टेन्शन असतं, दाते असतात. आज आपण ही सगळी कारणं एकेक करून सविस्तर बघणार आहोत. व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. त्याआधी मशीनची थोडी ओळख करून घेऊ...’

आता हा व्हिडिओ कोण उघडतं ते बघा. ब्लाउजची एक बाही लावून झाली आहे, दुसरी लावताना मशीन अडकलं. कापड सुईखालून निघत नाही. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे. एका हातात कात्री, आणि फोन मशीनलाच टेकवून उभा केलेला. या बाईला मशीनची ओळख नको, मशीन तिच्या पुढ्यात आहे. तिला दोनच गोष्टी हव्यात: कशाला हात लावायचा आणि कशाला अजिबात लावायचा नाही. पहिल्या दोन मिनिटांत यातलं काही मिळत नाही, गुंता पडद्यावर दिसतसुद्धा नाही. ती निघून जाते ते कंटाळून नव्हे. तिच्याकडे तेवढा वेळ नसतो.

म्हणून कॅमेरा सुरू करायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहायचं: ‘हा व्हिडिओ बघून बाई स्वतःच्या हाताने अमुक करेल.’ क्रियापद हाताचं हवं. ‘गुंत्याची कारणं समजतील’ हे चालणार नाही, कारण समजणं कुणाला दिसत नाही. ‘वरचा दोरा काढून, प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर करून पुन्हा ओवेल आणि खालून टीप तपासेल’ हे चालेल. या वाक्यात जे बसत नाही ते सगळं त्या व्हिडिओबाहेर. सुई, बॉबिन, कापड पुढे सरकवणारे दाते महत्त्वाचे आहेतच, पण त्यांचे व्हिडिओ वेगळे. पाच कारणं एकामागून एक ऐकली की बघणारी बाई आधी सोपं दिसतं त्याला हात घालते, आणि बऱ्याच जणी बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याच्या डबीचा) स्क्रू फिरवून बसतात. गुंता खाली दिसतो म्हणून दोष खालचा वाटतो. खरं तर दोष बहुतेकदा वरच्या दोऱ्याचा असतो. तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेला नसतो, मोकळा सुटतो आणि शटलखाली त्याचे वळसे जमतात. स्क्रू फिरवला की एकाचे दोन दोष होतात. तुमच्या व्हिडिओची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती तुमच्याकडे, तुम्हीच लिहिता तसं, नवव्या मिनिटाला येते. ती पहिल्या पंधरा सेकंदांत यायला हवी.

बोलणं असं लिहून बघा. मजकूर लिहिलेलाच असावा, ऐनवेळी सुचेल तसा नको:

‘टीप मारली की कापडाच्या खालून असा गुंता होतो? थांबा. बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावू नका. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. तो पुन्हा ओवायचा, पण एका खास पद्धतीने.

चाक आपल्याकडे फिरवून सुई वर आणा. कापड ओढू नका, ओढलं की सुई वाकते. खालचे दोरे कात्रीने कापा आणि कापड सोडवा. वरचा दोरा पूर्ण काढून टाका.

आता प्रेशर फूट वर करा. फूट खाली असलं की टेन्शनच्या या दोन चकत्या घट्ट मिटलेल्या असतात. दोरा मध्ये शिरत नाही, कडेवरच राहतो. फूट वर केलं की चकत्या उघडतात.

दोरा दोन्ही हातांत ताणून चकत्यांच्या मध्ये ओढून घ्या. मग ही स्प्रिंग. मग वर-खाली होणाऱ्या या दांडीच्या भोकात. मग खाली सुईत.

आता परीक्षा. फूट खाली करा आणि दोरा हळू ओढा. जड लागला पाहिजे. फूट वर करून ओढा. आता सहज आला पाहिजे. दोन्ही वेळा सहज येतो? मग दोरा अजून चकत्यांमध्ये नाही, किंवा तिथे कचरा अडकलाय.

दोन्ही दोरे मागे चार इंच ओढा, पहिले तीन-चार टाके धरून ठेवा. टीप मारा. कापड उलटा. खालची टीप अशी सपाट दिसली पाहिजे.

तरी गुंता होतो? सुई बदला. सुईचा व्हिडिओ खाली दिलाय.’

हे मोठ्याने, हातांचं काम करत वाचा आणि घड्याळ लावा. बोलणं जेमतेम दीड मिनिटाचं आहे, हातांच्या हालचालीला वेळ दिला की दोन-अडीच मिनिटं होतात. या विषयाची लांबी तेवढीच. लांबी आधी ठरवून मजकूर त्यात कोंबायचा नसतो. काम किती आहे त्यावरून ती निघते. कटोरी ब्लाउजचं कटिंग दाखवायचं तर पंचवीस मिनिटंही लागतील, आणि त्यातलं एकही मिनिट फालतू नसेल तर तोही आटोपशीरच व्हिडिओ.

वरच्या मजकुरात एक गोष्ट मुद्दाम ठेवली आहे. ‘फूट वर करा’ म्हटल्यावर लगेच त्याचं कारण दिलं आहे, दोन वाक्यांत. कारण कृतीला चिकटून यायला हवं. आधी पाच मिनिटं टेन्शनची माहिती आणि नंतर कृती असं झालं की दोन्हींचा मेळ बघणाऱ्याला लावावा लागतो, तो लागत नाही. आणि कारण अजिबात दिलं नाही तर आठवड्याने ती बाई फूट खाली ठेवूनच दोरा ओवेल, कारण तसं करणं सोयीचं असतं. ती परीक्षाही तशीच महत्त्वाची. ‘नीट ओवा’ म्हणून भागत नाही. नीट म्हणजे काय हे बोटांना कळायला हवं. जड लागतो की सहज येतो, हे फोनवर व्हिडिओ बघणारीलाही तपासता येतं.

आता चित्रीकरण. भाच्याला सांगा, कॅमेऱ्याचे पैसे सध्या राहू द्या. तुमच्या फोनवर १०८० पिक्सेलचं चित्रण होत असेल तर पुरे. तो ४के करत असेल तर एक सोय जास्त आहे: ४के चित्राची रुंदी ३८४० ठिपके असते आणि १०८०च्या व्हिडिओची १९२०, म्हणजे नंतर चित्र दुप्पट जवळ आणलं तरी धूसर होत नाही. सुईच्या नाकासाठी वेगळं चित्रीकरण करावं लागत नाही. फोन मशीनला नाक लावून ठेवू नका. फार जवळ गेला की त्याला फोकस मिळत नाही आणि त्याची सावलीही पडते. दीड-दोन वीत अंतर ठेवा.

खरी चूक बहुधा फोन ठेवण्याच्या जागेत असते. तुम्ही लिहिलंय की फोन समोर, टेबलाच्या पलीकडे ठेवता. मग बघणाऱ्याला तुमचा डावा हात उजवीकडे दिसतो, आणि दोरा डावीकडून ओवायचा की उजवीकडून हे डोक्यात उलटवून घ्यावं लागतं. कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या जागी हवा. डाव्या खांद्यावरून, थोडा वरून, कारण उजवीकडे मशीनचा दांडा आणि चाकावरचा हात आड येतो. २०१७ साली फिओरेला, मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेचं सर्किट जोडण्याच्या व्हिडिओंवर प्रयोग केले होते. काम करणाऱ्याच्या नजरेतून घेतलेला व्हिडिओ बघणाऱ्यांना, समोरून घेतलेला बघणाऱ्यांपेक्षा, ते काम नंतर अधिक चांगलं जमलं. शिलाई मशीनला हे तंतोतंत लागू पडतं. सेल्फीचा कॅमेरा मात्र नकोच, कारण काही फोन त्यातलं चित्र आरशासारखं उलटं साठवतात.

स्टँड मशीनच्या टेबलालाच अडकवू नका. पायडल मारलं की टेबल थरथरतं आणि नेमका टाका पडतानाचा क्षण हलतो. शेजारी दुसरं टेबल किंवा उंच स्टूल ठेवून त्याला स्टँड लावा. विकतचा नसेल तर स्टुलावर पुस्तकं रचून त्यांवर लाकडी पट्टी बाहेर काढा, तिच्या मागच्या टोकावर वजन ठेवा आणि पुढच्या टोकाला फोन रबराने घट्ट बांधा. भिंग मात्र मोकळं राहील एवढं बघा. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, भिंग सुती कापडाने पुसा. मशीनचं तेल बोटाला असतं, बोट भिंगाला लागतं आणि सगळं चित्र दुधाळ होतं.

काळ्या मशीनचा एक खास त्रास आहे. काळा रंग चौकटीत जास्त आला की फोनला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि पांढरं कापड नुसतं चकाकतं, त्यावरची टीप दिसेनाशी होते. त्यावर उपाय: पडद्यावर कापडाच्या जागी बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस दोन्ही तिथे कुलूपबंद होतात. शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते किंचित खाली ओढा. हे केलं नाही तर सुई वर-खाली होताना फोकस तिच्यामागे पळत राहतो. उजेडासाठी खिडकी तुमच्या डाव्या हाताला, जरा पुढे येऊ द्या. डोक्यावरच्या दिव्याने तुमच्याच डोक्याची सावली सुईवर पडते. रात्री काम असेल तर टेबल लॅम्प डावीकडे ठेवा आणि दिव्यापुढे वीतभरावर बटर पेपर धरा. मग मशीनच्या चकचकीत पत्र्यावर दिव्याचा ठिपका उठत नाही.

चित्रात काळे आडवे पट्टे सरकत असतील तर फोन बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात. तसा मोड नसेल तर दिवसा, खिडकीच्या उजेडात काम करा.

कापड आणि दोरा यांची निवड हा या विषयातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी बदल आहे. तुमच्या पत्रात लिहिलंय की मशीनवर जे कापड असेल त्यावरच दाखवता. आता पांढरं मांजरपाट घ्या, छापील काही नको. वर लाल दोरा, खाली बॉबिनमध्ये निळा. दोन्ही एकाच जाडीचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे हवेत, नाहीतर टेन्शनच बदलेल. कापड उलटलं आणि खाली लाल वळसे दिसले की एक शब्द न बोलता कळतं: वरचा दोरा सैल आहे. वर निळे ठिपके दिसले की वरचा दोरा जास्त ताणलेला आहे, किंवा खालचा सैल. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा दाखवत दहा मिनिटं समजावलं तरी हे इतकं स्वच्छ होत नाही. गुंता मुद्दाम करून घ्यायचा असेल तर फूट खाली ठेवून दोरा ओवा. तो दोष नेमका असाच होतो, त्यामुळे दाखवणंही खोटं ठरत नाही.

प्रत्येक कृती संपली की हात बाजूला घ्या आणि तीन सेकंद काही करू नका, काही बोलू नका. दोरा चकत्यांमधून, स्प्रिंगमधून, दांडीतून गेलेला, सगळा मार्ग एका चौकटीत उघडा. बघणारी बाई इथेच व्हिडिओ थांबवते आणि आपल्या मशीनशी ताडून बघते. थांबवलं की नेमका तुमचा पंजा मध्ये येत असेल तर तिला चार वेळा मागे-पुढे करावं लागतं, तेही तेलकट बोटाने. आणि ‘इथून असं घ्यायचं, मग हे असं’ हे बोलणं सोडून द्या. ‘इथून’ म्हणताना फोन लांब असेल तर काहीच कळत नाही. भागाचं नाव घ्या, नाव अवघड असेल तर काम सांगा: ‘वर-खाली होणारी दांडी’.

सुईबद्दलही हाच नियम. ‘सपाट बाजू उजवीकडे’ असं सरसकट सांगू नका. काही मशीनवर ती डावीकडे असते, नव्या घरगुती मशीनवर मागे. त्याऐवजी हे सांगा: सुईला एका अंगाने लांब खाच असते, ज्या बाजूला खाच त्या बाजूने दोरा आत जातो. हे सगळ्या मशीनना लागू होतं. बघणाऱ्याचं मशीन तुमच्यापेक्षा वेगळं असणार हे धरूनच वाक्य बांधायचं. सुईच्या आकड्यांचंही तसंच: ‘बारीक सुई’ म्हणू नका, जॉर्जेटला ११, सुती ब्लाउजपीसला १४, जीन्सला १६ किंवा १८ असं सांगा. दुकानात जाऊन तिला आकडाच सांगावा लागतो.

आवाजावर मात्र पैसे खर्च करा, हजाराच्या आसपास. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक, हनुवटीच्या खाली वीतभर. चित्र जरा कमी प्रतीचं असलं तरी लोक चालवून घेतात, घुमणारा आवाज चालवून घेत नाहीत. पंखा बंद, आणि बांगड्या काढून ठेवा. टेबलावर आपटणाऱ्या बांगडीचा आवाज माइकमध्ये हातोड्यासारखा येतो. मशीन चालू असताना बोलू नका. त्याहून सोपी रीत: चित्रीकरण गप्प राहून करा आणि बोलणं नंतर भरा. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाचलं तर खोलीचा घुमारा कपडे शोषून घेतात. हातांचं भान आणि बोलण्याचं भान एकाच वेळी सांभाळायला गेलं की ‘तर’, ‘म्हणजे’, ‘आता आपण काय करणार आहोत’ ही भर आपोआप पडते. तुम्ही पाठवलेल्या परिच्छेदातही एक वाक्य ‘तर’नेच सुरू होतं. पार्श्वसंगीत नको. टाका सुटतानाचा ‘टक’ आवाज बघणारीला ऐकू यायला हवा.

कापाकापीसाठी गूगलचं यूट्यूब क्रिएट हे मोफत ॲप पुरेसं आहे, त्याचा शिक्काही व्हिडिओवर उमटत नाही. कापताना विचार एकच: हा तुकडा काढला तर बाई अडेल का? अडणार नसेल तर काढा. रीळ शोधतानाचा वेळ, सुईत दोरा तीनदा चुकल्याचा वेळ, ‘झालं का? झालं’ हे सगळं जाऊ द्या. पण दोरा चकत्यांमध्ये बसतानाचा क्षण घाईने कापू नका. उलट तो दोनदा दाखवा, एकदा पूर्ण चौकटीत आणि एकदा जवळून. वेग वाढवून दाखवायची सवय लागली असेल तर ती सोडा. वेग वाढवायचा असेल तो लांब सरळ शिलाईचा, ओवण्याचा कधीच नाही.

पडद्यावर अक्षरं टाकणार असाल तर एका वेळी तीन-चार शब्द, मोठे. काही ॲपमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, ‘स्प्रिंग’चं ‘स् प् रिंग’ होतं. मुंबईच्या एक टाईप या संस्थेने केलेले मुक्ता किंवा बलू हे युनिकोड टंक (फॉन्ट) मोफत मिळतात आणि लहान पडद्यावर स्वच्छ दिसतात. ॲपमध्ये बाहेरचा टंक घेता येत असेल तर यांतला एक घ्या. अक्षरं अगदी तळाला ठेवू नका, तिथे व्हिडिओची पट्टी आणि सबटायटल येतात. थंबनेलचा, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्राचा, उजवा खालचा कोपराही मोकळा ठेवा, त्यावर व्हिडिओची लांबी छापली जाते. थंबनेल १२८० गुणिले ७२० आकाराचं करा आणि त्यात तुमचा चेहरा नको, गुंता दाखवा. कापडाच्या खालचा लाल गुंता, जवळून. जिच्या मशीनवर तेच झालंय ती तो लगेच ओळखेल.

शीर्षक तिच्या तोंडचं हवं. ‘शिलाई मशीन ट्रबलशूटिंग भाग ७’ असं कुणी शोधत नाही. ‘मशीन खालून दोऱ्याचा गुंता करते: वरचा दोरा असा ओवा’ हे शोधलं जाईल. बऱ्याच जणी फोनवर मराठीच शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात, म्हणून वर्णनात तेच वाक्य एकदा रोमन लिपीतही लिहा. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत उत्तर लिहून टाका. काहींचं काम तेवढ्यावरच होईल, होऊ द्या. ती बाई पुढच्या अडचणीला तुमच्याकडेच येईल.

आता आठ मिनिटांचा प्रश्न. मध्येच येणाऱ्या जाहिराती आठ मिनिटांच्या किंवा त्याहून लांब व्हिडिओलाच लावता येतात, ही माहिती बरोबर आहे. २०२० च्या जुलैपर्यंत ती मर्यादा दहा मिनिटांची होती. पण जाहिरातींचे पैसे सुरू व्हायलाच आधी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे (यूट्यूबवरच्या छोट्या व्हिडिओंचे) एक कोटी व्ह्यूज, एवढं लागतं. आणि मधली जाहिरात दिसायला बघणारी बाई त्या मिनिटापर्यंत टिकायला हवी. दोन मिनिटांत निघून जाणाऱ्या व्हिडिओला सातव्या मिनिटावरच्या जाहिरातीचा काय उपयोग? आठ मिनिटांचा व्हिडिओ हवाच असेल तर आठ मिनिटांचा विषय घ्या. ‘मशीनची पूर्ण सफाई आणि तेलपाणी’ हा तसा विषय आहे. त्याला प्रकरणं पाडा: वर्णनात ०:०० पासून सुरुवात, किमान तीन भागांच्या सुरुवातीच्या वेळा, आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा. या तीन अटी पाळल्या की यूट्यूब पट्टीवर भाग पाडून देतं, आणि जिला फक्त शटलची सफाई हवी ती थेट तिथे पोचते.

मैत्रिणीचंही अर्धं बरोबर आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शॉर्ट्स तीन मिनिटांपर्यंत चालतात, उभे किंवा चौकोनी. पण शॉर्ट्स बघणारी बहुधा अंगठ्याने सरकवत आलेली असते, तिचं मशीन अडकलेलं नसतं. तिला एकच गोष्ट द्या, जसं लांब खाच आणि दोऱ्याची बाजू, वीस-पंचवीस सेकंदांत. आणि शॉर्टला संबंधित व्हिडिओ म्हणून मोठा व्हिडिओ जोडा. गुंत्याचा व्हिडिओ मात्र आडवा, नेहमीचाच ठेवा. तो शोधून येणारीसाठी आहे, तो थांबवून, मागे घेऊन बघितला जाणार आहे.

व्हिडिओ टाकायच्या आधी एक चाचणी करा, क्लास असल्याने ती तुम्हाला इतरांपेक्षा सोपी आहे. हा धडा अजून न झालेली एक मुलगी निवडा. तिच्यासमोर गुंता केलेलं मशीन आणि फोन ठेवा. तुम्ही मागे उभ्या राहा आणि तोंड उघडू नका. ती कुठे व्हिडिओ थांबवते, कुठे मागे घेते, कुठला भाग चुकीचा धरते, तेवढं कागदावर वेळेसह लिहा. मागे घेतलं तिथे तुमचा हात आड आला असेल, नाहीतर भागाचं नाव घ्यायचं राहिलं असेल. ती तुमच्याकडे वळून विचारेल, तेव्हाही उत्तर देऊ नका. तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्या. पुढच्या चित्रीकरणात त्याच शब्दांत त्याचं उत्तर द्या.

टाकल्यानंतर हेच काम यूट्यूब स्टुडिओतला आलेख करतो. प्रेक्षक कुठे गळतात आणि पहिल्या ३० सेकंदांनंतर किती उरतात, हे तो दाखवतो. मध्येच रेघ वर चढली असेल तर तो भाग लोक पुन्हा बघतायत. त्यावर लगेच खूश होऊ नका, तिथे जाऊन बघा. कधी तो भाग फार उपयोगी असतो, कधी नुसता अस्पष्ट असतो. कॉमेंटमध्ये एकच प्रश्न दोघींनी विचारला तर उत्तर कॉमेंटमध्ये देऊन थांबू नका, ती कॉमेंट सगळ्यात वर पिन करा.

राहिला तो जुना १४ मिनिटांचा व्हिडिओ. तो काढून टाकू नका, लोक शोधून तिथे येतायत. टाकलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, पण संगणकावर स्टुडिओच्या संपादकात जाऊन त्यातला भाग कापता येतो, आणि दुवा, व्ह्यूज, कॉमेंट सगळं तसंच राहतं. सुरुवातीची दोन मिनिटं आणि मशीनची ओळख आजच कापा. नवव्या मिनिटाचा भाग मात्र उचलून पुढे आणता येणार नाही, म्हणून तो सेकंद वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहा: ‘वरचा दोरा कसा ओवायचा’ आणि पुढे वेळ. कापल्यानंतर वेळ बदलेल, तेव्हा आधी कापा, मग लिहा. नवा व्हिडिओ झाला की त्याचा दुवा तिथेच पिन केलेल्या कॉमेंटमध्ये द्या.

मांजरपाट, लाल आणि निळं रीळ, नवी १४ नंबरची सुई. एवढं आणून चित्रीकरण करा आणि त्या मुलीने पहिल्यांदा कुठे थांबवलं ते आम्हाला कळवा.